काचेच्या सिंहावर दोन थेंब

५ ऑगस्ट २००३, मंगळवार
श्रावणात कमी बोलायचं. देवीला सांगून आले.
देवळातल्या लाकडी सिंहाला वाळवी लागलीय. आरतीनंतर ज्ञानदेवआप्पांनी (देवळाचे ट्रस्टी) शेपटीला हात लावला, तर शेपटी हातातच आली. नवा सिंह करायचं ठरलं. मी तिथल्या तिथं सांगितलं, काचेचा करू. काचेला वाळवी नाही, पॉलिश नाही, ओल्या फडक्यानं पुसला की झालं. आमच्या शेजारच्या हसीनाचा मुलगा अयुब केडगावला काचेचे मोर, घोडे करतो, पुण्याच्या हॉटेलांत जातात. म्हणजे घरचाच माणूस.
सगळे गप्प बसले. पटलं की माणसं गप्प बसतात.
सिंहाखाली पट्टी लागेल: सौ. कुशाबाई सोपानराव ढमढेरे यांजकडून. देवळाच्या फरशीवर अख्ख्या आळीची नावं आहेत, आमचंच तेवढं नाही. देणगीचा विषय निघाला की मीच ह्यांना सांगत आले, पायाखाली नाव नको.

८ ऑगस्ट, शुक्रवार
अयुबला फोन केला. कमी बोलायचं होतं, पण फोनवरचं धरत नाहीत. तो म्हणाला, काकू, एकोणीसला भट्टी लावतोय, डोळ्यांदेखत सिंह काढून दाखवतो, बायका घेऊन या.
भजनी मंडळातल्या सगळ्या येणार. सीमासुद्धा. तिला बोलावलं नव्हतं. शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून कुठंही पुढं असते. ती म्हणाली, वर्गणी काढूया. मी म्हटलं, नको, सिंह माझ्याकडून. अयुब घरचाच, त्यानं लहानपणी आमच्याकडं कितीदा तरी पुरणपोळी खाल्लीय, तो काय मागणार.
ह्यांना हे सांगितलं. ह्यांनी पेपर आणखी वर धरला.

१९ ऑगस्ट, मंगळवार, पहाटे
तयारी झाली. हळदकुंकू, फुलं, तांब्यात देवीचं तीर्थ. नवी वस्तू आली की आधी तीर्थ शिंपडायचं, ही माझ्या सासूबाईंची रीत. मिक्सर, ह्यांची लूना, काही सोडलं नाही. टीव्ही तेवढा तेव्हापासून हिरवा दिसतो, पण तो कंपनीचा फॉल्ट.
आज अजिबात बोलायचं नाही, नुसतं बघायचं.

१९ ऑगस्ट, संध्याकाळी
शांत डोक्यानं लिहिते.
चौफुल्याच्या एसटीनं गेलो, हसीनाही बरोबर होती. अयुबचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याची शेड, मधे भट्टी. दारातच तोंड भाजतं. अयुब अगदी तमाशातल्या नायकासारखा, प्रत्येक गोष्टीनंतर टाळीसाठी थांबतो. लांब लोखंडी दांडा भट्टीत घातला आणि टोकाला पाकासारखा काचेचा गोळा घेऊन बाहेर आला. लालभडक. दांडा सारखा फिरवत राहायचा. थांबला तर गोळा खाली ओघळतो. थोडा गार झाला की परत भट्टीत. मग चिमट्यानं ओढून चार पाय काढले, कात्रीनं आयाळ कापली. तोंड काढलं ते आधी मांजराचं दिसत होतं. मी तसं सांगितलं. अयुब म्हणाला, काकू, जरा दम धरा, अजून त्याला राग आलेला न्हाई. चिमट्यानं जबडा उघडला आणि खरंच राग आला.
मधेच ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी हातात धरून त्यानं तो तापलेला गोळा घोळला. वाफ निघाली. काचेला काही झालं नाही. हे मी नीट लक्षात ठेवलं.
त्यानंतर तो काहीतरी समजावत होता. तेव्हा मी सीमाला सांगत होते की आमच्या वेळच्या मॅट्रिकचं सायन्स आताच्या बीएस्सीला भारी होतं.
सिंह झाला. लाली गेली, पांढरा स्वच्छ, आतून उजेड आल्यासारखा. अयुबनं दांड्यावरून सोडवून स्टँडवर ठेवला. रात्रभर हळूहळू गार करायची पेटी असते, तिचं दार उघडायला वळला. तेवढ्यात मी रीत पार पाडली. दोनच थेंब.
टक् असा आवाज झाला.
मुंडकं सीमाच्या पायाशी. बाकीचा सिंह सगळीकडं. देवीच्या कृपेनं कुणाला लागलं नाही.
अयुबनं आता मात्र टाळीची वाट पाहिली नाही. म्हणाला, काकू, आत्ताच सांगितलं ना, लाल असंल तवाच पाणी चालतं, रंग गेल्यावर न्हाई. मी म्हटलं, तुझा पेपर चालतो आणि देवीचं तीर्थ चालत नाही, व्हय. तो म्हणाला, तीर्थ बी पाणीच की, काकू. हसीना कोपऱ्यातून म्हणाली, अयुब, केरसुणी आण.
एसटीत कुणी माझ्याशेजारी बसलं नाही. तांब्या मांडीवर होता म्हणून असेल.

२१ ऑगस्ट, गुरुवार
विचार केला. कारण उघड आहे, नजर लागली. सीमा त्या सिंहाकडं फार टक लावून बघत होती. शिवाय काच कच्ची असणार.
अयुबला निरोप पाठवला, दुसरा कर, मी समक्ष येते. त्याचा उलट निरोप: दुसरा करतो, तुम्ही येऊ नका.
घरचं माणूस, म्हणून इतकं मोकळं बोलतो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
पितृपक्ष लागला, आता नव्या वस्तूचं बोलायचं नाही. त्याआधीच सीमा गुपचूप जाऊन दुसरा सिंह घेऊन आली असं कळलं. वर्गणीतून. मला वर्गणी मागायला कुणी आलं नाही. माझा मान ठेवला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार, घटस्थापना
सिंह बसला. देखणा आहे, हे मान्य. सीमा म्हणाली, माझं नाव कुठंही घालू नका, सगळ्यांचा आहे. मग देवळात पट्टी कसली, म्हणून पुढं झाले. सिंहाखाली पिवळ्या रंगात, पेंटरच्या हातचं:
सिंहावर पाणी शिंपडू नये. सौ. कुशाबाई सोपानराव ढमढेरे यांनीही.
फरशीवरच्या सगळ्या नावांपेक्षा अक्षर मोठं आहे. ह्यांनी दोनदा वाचलं आणि खांबामागं जाऊन बराच वेळ खोकले.
दर्शनाला पुढं सरकले. ज्ञानदेवआप्पांनी हात पुढं केला. मला वाटलं, पहिल्या आरतीचं ताट देतायत. ते माझ्या हातातला तांब्या मागत होते.