उजव्या मशीनचं जुनं गेट

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, राहणार बंद पडलेल्या थिएटरच्या मागची गल्ली, पहिला मजला, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता, चष्मा लावून आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी वेगळं लिहून दिलं आहे, ते जोडत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण ते वाचायला कोण बसणार हा प्रश्न होता.

कलम १. राहत्या दोन खोल्या माझ्या मयत बहिणीच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, मिळाव्यात. ती परगावी असते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला फोन करते, "मामा, जेवलास का?" म्हणते, आणि मी काय जेवलो ते सांगेपर्यंत तिच्या मागे कुकरची शिट्टी होते. तक्रार नाही. बाकीच्या एकोणतीस दिवसांत तेवढंही कोणी विचारत नाही. मोरीचा नळ उलटा फिरवला की बंद होतो, हे तिने ध्यानात ठेवावं. खोल्या विकायच्या तर खुशाल विकाव्यात, फक्त वरच्या मजल्यावाल्याला विकू नयेत. वीस वर्षं त्याच्या ओल्या चादरी माझ्या खिडकीवर ठिबकतायत आणि दर वेळी तो म्हणतो, "अहो, वारा तुमच्याकडचा आहे."

कलम २. बँकेत जे असेल ते भाचीचं. माझं सगळं त्यातूनच उरकावं आणि चार लोक जमले नाहीत तर जमल्याचं सोंग करू नये.

कलम ३. थिएटरचा मॅनेजर हयात असल्यास त्याला माझ्याकडून काहीही देऊ नये. हयात नसल्यासही देऊ नये.

कलम ४. बाहेरच्या खोलीत सिनेमाचं मशीन उभं आहे. त्याच्यामुळे तिथे जेवणाचं टेबल मावत नाही, पण जेवायला दुसरं कोणी नसल्याने अडत नाही. थिएटरात अशी दोन मशीनं होती. एक रीळ डाव्यावर लागायचं, ते संपता संपता पुढचं उजव्यावर, असा सिनेमा पुढे जायचा. डाव्यावर मी असायचो आणि उजव्यावर माझा जोडीदार. म्हणून सव्वीस वर्षं लोक मला डावा आणि त्याला उजवा म्हणत. घरी पत्र आलं की पाकिटावरचं नाव वाचून आपलंच आहे ना, असा प्रश्न पडायचा. बारा वर्षांपूर्वी थिएटर मोडलं तेव्हा मी धावत गेलो, तोवर भंगारवाल्याने माझं डावं फोडलंही होतं. हातगाडीवरून उतरवून घेतलं ते उजवं. त्याचं मशीन माझ्या घरी आलं, याला काय म्हणावं!

माझ्याकडे रीळ एकच आहे, फोकस तपासायचं. त्यात माणूस नाही की गाणं नाही. नुसत्या रेघा, चौकोन आणि आकडे. दर रविवारी दुपारी मी मशीन लावतो आणि समोरच्या भिंतीवर रेघा बघतो. भाची एकदा आली होती, तीही बसली. जरा वेळाने म्हणाली, "मामा, यात गोष्ट कुठे आहे?" मी म्हटलं, "गोष्ट नसते गं यात. सरळ दिसतंय का तेवढं बघायचं." मग म्हणाली, "हे लोखंड काढून टाक ना आता, जरा माणसांत बस." कुठल्या माणसांत, ते तिलाही सांगता आलं नाही.

मशीन ज्याच्या हाती जाईल त्याने पुढील गोष्टी पाळाव्यात. चालू करण्याआधी चाक हाताने एक फेरा फिरवावं. अडलं तर जोर लावू नये, कुठे अडलं ते शोधावं. दिव्यासमोर ज्या चौकटीतून फिल्म सरकते तिला गेट म्हणतात. गेटच्या वर आणि खाली फिल्मला थोडी ढील लागते, तो लूप. भिंतीवर चित्र नाचायला लागलं की मशीनला शिव्या देऊ नयेत, लूप बघावा. शंभरातल्या नव्वद वेळा तो गेलेला असतो. अक्षरांना वरच्या बाजूला पांढऱ्या शेपट्या फुटल्या तर दिव्यासमोरचा फिरता पडदा, म्हणजे शटर, सरकलाय, त्याचा स्क्रू सैल करून एका दाताने मागे घ्यावा. तेलाच्या डब्याच्या काचेवर लाल रेघ आहे, तेल तिथपर्यंतच, आणि तेल म्हणजे मशीनचं तेल. स्वयंपाकाचं गोडं तेल कोणी घातलं तर मी परत येईन. लेन्स शर्टाच्या बाहीने पुसू नये. गेटवर फिल्मचा मसाला उतरून करपतो, तो पितळेच्या पट्टीने किंवा लाकडाने खरवडावा. पोलाद लावू नये. हे वाक्य दोनदा वाचावं. कारण सहाव्या कलमात आहे.

कलम ५. माझी हत्यारं गल्लीच्या तोंडाशी पंखे दुरुस्त करणाऱ्याला द्यावीत. तो ती मागून नेतो आणि परत आणून देतो, असा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. मात्र टोकाचा एक कोपरा उडालेला लांब स्क्रू ड्रायव्हर त्याला देऊ नये. तो कोणालाच देऊ नये.

कलम ६. हे कलम लिहायला मला तीन आठवडे लागले.

एकोणीस वर्षांपूर्वी उजव्याचे वडील वारले आणि तो पाच दिवस गावी गेला. दोन्ही मशीनं माझ्या अंगावर आली. प्रिंट नवी कोरी होती, आणि नवी प्रिंट मसाला फार सोडते. पाचव्या दिवशी शेवटच्या शोआधी बघतो तर उजव्या गेटवर दगडासारखं पुट चढलेलं. माझी पितळेची पट्टी खरवडता खरवडता मोडली. उजव्याची पट्टी त्याच्या पेटीत, पेटीला कुलूप, आणि खाली लोक खुर्च्यांवर बसायला लागलेले. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि खरवडलं. दोन मिनिटांत चकाचक झालं. मी स्वतःवर खूशही झालो.

दुसऱ्या दिवशी उजवा कामावर आला. आठवड्याने प्रिंटवाल्यांचा माणूस रिळं तपासून गेला आणि मॅनेजरने आम्हाला दोघांना खाली बोलावलं. रीळ दोन, चार, सहा, आठ; प्रत्येकावर पहिल्यापासून शेवटपर्यंत ओरखड्याची एक हिरवी रेघ. दोन, चार, सहा, आठ म्हणजे उजवं मशीन. लहान पोरालाही कळेल असा हिशेब.

"उजवं मशीन कोण बघतं?" मॅनेजरने मला विचारलं.

मी म्हणालो, "उजवं मशीन त्याचं आहे."

यात खोटं काही नव्हतं, आणि तेच मला आजवर पचलेलं नाही. उजवा माझ्याकडे वळून म्हणाला, "अरे, तू सांग ना यांना, मी कसं साफ करतो ते." मी चपलांकडे बघत म्हणालो, "मी काय सांगणार?" एवढंच. त्यानंतर मी त्याच्याशी बोललेलो नाही.

त्याला त्याच दिवशी काढलं. सिनेमाच्या धंद्यात प्रिंट खराब करणारा म्हणून एकदा बोभाटा झाला की दुसरं थिएटर दारात उभं करत नाही. पुढे तो दवाखान्यात लिफ्ट चालवायला लागला. लोकांना वर नेऊन खाली आणण्यात त्याची कामाची उरलेली वर्षं गेली. मी दोन्ही मशीनं एकट्याने चालवली. रीळ बदलायच्या आधी पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका येतो, तो दिसला की आम्ही एकमेकांना "चल" म्हणायचो. पुढची सात वर्षं मी ते रिकाम्या खोलीत म्हणत राहिलो. सवय गेली नाही.

तेव्हा मी स्वतःला समजावलं होतं की रेघेला शंभर कारणं असतात. पण मॅनेजरने नवं गेट बसवलं होतं आणि जुनं सुट्या भागांच्या पेटीत टाकलं होतं. ती पेटी मशीनबरोबर माझ्या घरी आली. आठ वर्षांपूर्वी मी ती उपसली आणि गेट भिंगाखाली धरलं. धातूला एक बारीक कुसळ उभं राहिलं होतं आणि त्याच्या शेजारी ओरखडा. उडालेल्या कोपऱ्याचा स्क्रू ड्रायव्हर त्यावर ठेवून पाहिला. तंतोतंत बसला.

म्हणजे आठ वर्षं मला पक्कं माहीत आहे. उजव्याचं घर माझ्या घरापासून चालत अकरा मिनिटांवर आहे. त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत मी किती वेळा गेलो याची गणती नाही. तिथे पानाच्या दुकानाशी उभा राहतो, नको असलेली काडेपेटी विकत घेतो आणि परत येतो. घरात काडेपेट्यांचा ढीग आहे, तोही भाचीचा.

तरी मी असं ठरवतो की माझ्या मृत्यूनंतर मशीन आणि जुनं गेट उजव्याला द्यावं, आणि हे कलम भाचीने त्याला मोठ्याने वाचून दाखवावं. चूक माझी होती. तो पहिल्यापासून स्वच्छ होता.

कलम ७. इथवर लिहून मी कागद वकीलबाईंकडे नेले. त्या वयाने माझ्या भाचीएवढ्या आहेत, पण नजर करवतीसारखी. वाचून म्हणाल्या, "काका, तुमचे हे उजवे तुमच्याहून दोन वर्षांनी मोठे ना? ते तुमच्या आधी गेले, तर सहावं कलम आपोआप बाद होतं."

"बाद म्हणजे?"

"घेणाराच नाही म्हटल्यावर देणं कसलं? मशीन भाचीकडे जाईल."

"आणि बाकीचं? जे वाचून दाखवायचंय ते?"

त्यांनी चष्मा काढला. "ते कोणाला वाचून दाखवणार, काका?"

मला वाटलं होतं, मी मेल्यावर बोलायचं म्हणजे सुटलो. त्याचा चेहरा बघायला लागणार नाही. तो आधी मरू शकतो हे माझ्या टाळक्यातच आलं नाही, कारण माझ्या डोक्यात तो अजून चोपन्नचाच होता, मॅनेजरच्या टेबलासमोर उभा.

पुरवणी. हा मजकूर सही करण्यापूर्वी, आजच, उजव्याच्या घरी बसून लिहीत आहे. सहावं कलम त्यातल्या दानापुरतं रद्द समजावं. बाकी एकही शब्द रद्द नाही.

आज दुपारी मी जुनं गेट रुमालात गुंडाळलं आणि वकीलबाईंना बरोबर घेऊन निघालो. एकटा गेलो असतो तर पुन्हा काडेपेटीच घेतली असती. त्याच्या सुनेने दार उघडलं आणि आत बघून म्हणाली, "बाबा, कोणीतरी आलंय." तो खिडकीपाशी बसला होता. पार वाळलाय. मला बघून उठला नाही आणि बस असंही म्हणाला नाही.

मी रुमाल सोडून गेट त्याच्या मांडीवर ठेवलं. सव्वीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला भिंग लागत नाही. त्याने अंगठ्याचं नख धातूवरून हळू फिरवत आणलं. एका जागी ते अडलं. त्याने परत फिरवलं, परत तिथेच अडलं.

"पोलाद?" त्याने विचारलं.

"स्क्रू ड्रायव्हर. तू गावी होतास तेव्हा."

"पितळेची पट्टी काय झाली होती?"

"मोडली. तुझी पेटीत होती, कुलूप होतं."

"तोडायचंस ना कुलूप!" तो एवढ्या जोरात ओरडला की सून धावत आली. "दीडदमडीचं कुलूप, तोडायचंस!"

मी त्याला हे मृत्युपत्र दिलं. त्याने सावकाश, ओठ हलवत सगळं वाचलं. मॅनेजरच्या कलमाला एकदा नाकातून आवाज काढला. सहावं कलम वाचून झाल्यावर कागद मांडीवर ठेवून हातांकडे बघत बसला.

"तू काही सांगितलं नाहीस ना," तो म्हणाला, "तेव्हा मला वाटलं, याला माहीत असणार. हा रोज बघतो माझं काम. हा गप्प आहे म्हणजे माझ्याच हातून झालं. मी तेच खरं धरलं रे. एकोणीस वर्षं. घरातल्या पंख्याला तेल घालायला माणूस बोलावतो मी. ही विचारते, बाबा, तुम्हाला येतं ना? मी म्हणतो, माझा हात चांगला नाही."

मला वाटत होतं मी त्याची नुसती नोकरी घालवली. मी रडलो, हे इथे नमूद करतो. तो रडला नाही. माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि मीही विचारलं नाही.

थोड्या वेळाने वकीलबाई हळूच म्हणाल्या की सहीला दोन साक्षीदार लागतात, एक त्या होतील. उजवा म्हणाला, "दुसरा मी."

"आजोबा, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार, त्याने साक्षीदार होऊ नये. उगाच खुसपट निघतं. सही करायची तर मशीन सोडावं लागेल."

"मशीन याच्या भाचीला जाऊ दे," तो म्हणाला. "मला सही करू द्या. यात काय लिहिलंय ते वाचलंय मी. त्याच्याखाली माझं नाव पाहिजे."

तरी मशीन भाचीला मिळावं. सर्व कलमं मी स्वतः लिहिली असून दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही करत आहे. साक्षीदारांनी आपापला रकाना आपल्या हाताने भरला आहे.

ठिकाण: उजव्याचं घर, दुसरा मजला
दिनांक: ८ मार्च २०१५, रविवार

मृत्युपत्र करणार: सही (डावा)

साक्षीदार पहिला: सही
वय: ३४. व्यवसाय: वकिली.

साक्षीदार दुसरा: सही (उजवा)
वय: ७३. व्यवसाय: <s>लिफ्टमन</s> सिनेमा ऑपरेटर.