मागचा लाल दिवा

१६ नोव्हेंबर

आज भर दुपारी दुकानदाराला शटर ओढायला लावलं मी! दिवा घ्यायचा अन् उजेडात बघायचा, असं कुठं अस्तंय का? अंधार पाह्यजे म्हणलं. पायल लाजून मेली. "माय, लोकं बघतेत ना!" बघू दे की.

कुंभार पिंपळगावला गेल्तो दोघी. पायल माझी नात, नागसेनची थोरली. पोलीस भरतीची तयारी करून राह्यली. अंकुशनगरच्या अलीकडं ते फौजी सर ग्राउंडावर पोरी पळवतेत, पहाटं पाचला हजर पाह्यजे. आमच्या गावाहून सहा किलोमीटर. साडेचारला सायकलवर निघायचं. आठ दिस मोबाईलची बॅटरी लावून, मोबाईल तोंडात धरून गेली म्हणं. तोंडात! दोन्ही हात हँडलला, मंग काय करंल बिचारी. माझ्या कानावर आलं तसं मीच उठले, चल म्हणलं, दिवा घेऊ.

भुजंग म्हणून पोरगं हाय, सायकलीच्या दुकानाचं. त्यानं आधी सेलवाला दिवा दाखवला. म्हणलं सेल रस्त्यात संपले तर? मंग मोबाईलच्या चार्जरवर चार्ज होणारा काढला. रबराचा पट्टा, हँडलला गुंडाळला की बसला. एकदा दाबलं की मोठा उजेड, दुसऱ्यांदा बारीक, तिसऱ्यांदा लुकलुक.

"चारशे लुमेनचा हाय, माय."

"लुमेन काय अस्तंय रे?"

"उजेडाचं वजन समजा."

उजेडाला बी वजन अस्तंय! पन्नास वर्सं डोक्यावर वजनं वाह्यली, हे कधी ऐकलं न्हाई. मंग शटर ओढलं, आत गुडुप अंधार, अन् त्यानं बटण दाबलं — अबब! पार कोपऱ्यातल्या ट्यूबांच्या खोक्यावरचं कोळ्याचं जाळं दिसलं. मी म्हणलं हाच. अन् झाडून घे जरा दुकान. पायल हसून हसून खाली बसली.

भुजंग म्हणला, दिवा सरळ रोखू नका, समोरच्याच्या डोळ्यावर येतो, जरा खाली जमिनीकडं वाकवा. हे मला पटलं. त्याच्या जोडीला मागं लावायला एक लाल दिला, डबीएवढा. मी म्हणलं मागं कशाला? आपण काय मागं बघत जातो का?

"माय, मागचा आपल्याला दिसायला नसतो. आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून अस्तो."

पायल बी म्हणली, पाह्यजेच. घेतला मंग. पर मला काय ते बराबर पटलं न्हाई.

१७ नोव्हेंबर

पायलच्या आज्याच्या सायकलीला डायनामो व्हता. चाकाला घासून घूंऽ घूं करायचा. जोरात मारली सायकल तर उजेड, थांबली का अंधार. म्हातारं म्हणायचं, "चालत्याला उजेड, थांबल्याला अंधार." मोठं तत्त्वज्ञान सांगितल्यासारखं! अन् मागं काही दिवा बिवा नव्हता. मागं मी बसलेली असायची.

१९ नोव्हेंबर

पायल पाच वाजता ग्राउंडावर पोचली. दिव्यात खड्डा न् खड्डा दिसतो म्हणती. फौजी सर सगळ्या पोरींना म्हणले, "हे बघा, पायलसारखे दिवे लावा. मागं बी, पुढं बी." मी ऐकलं अन् दोन भाकरी जास्त खाल्ल्या! दिवा कोणी निवडला? मी!

आठशे मीटरला तिचे चार सेकंद कमी झालेत. गोळा अजून कच्चा हाय. म्हणलं, शेतातले धोंडे फेकायला चल माझ्यासंगं, आपोआप पक्का होईल.

नागसेन दुपारी आला अन् झोपला. त्याचं उलटं चाललंय. कारखाना सुरू झाल्यापसनं गावातल्या काकासाहेबाच्या ट्रॅक्टरवर डायव्हर हाय, मागं उसाच्या दोन ट्रॉल्या. रात्रभर फडातून कारखान्यावर, नंबर लागला का खाली करायचं, परत फड. झोप येऊ नये म्हणून सगळे डायव्हर गाणी लावतेत, मोठमोठ्यानं. पहाटं आमच्या रोडनं एकामागं एक गात जातेत. कोणतं कोणाचं कळत न्हाई. बाप अन् लेक एकाच रोडवर असतेत अन् आठ आठ दिस एकमेकाचं तोंड बघत न्हाईत. ही निघती तवा तो ट्रॅक्टरवर, हा येतो तवा ही कॉलेजात.

२३ नोव्हेंबर

थंडी पडली. माझ्या हिरव्या लुगड्याचा तुकडा फाडून पायलच्या गळ्याला बांधला. "माय, स्वेटर हाय की!" म्हणलं स्वेटर अंगाला अन् हे गळ्याला. ते लुगडं नागसेनच्या जन्माच्या वेळचं. त्यातच गुंडाळलं व्हतं त्याला. जीर्ण झालं पर ऊब हाय.

दळणाला गेले तर गिरणीवर सोनूबाई. तिची जीभ म्हंजे गिरणीचा पट्टा, लाईट गेली तरी फिरतच राहती. म्हणली, "चांगुणामाय, तुमची पायल निघाली का आम्हाला गच्चीवरून दिसतं. लाल दिवा लुकलुक, लुकलुक — पार नळ्याच्या पुलापर्यंत. अख्ख्या रोडला कळंल की पोरगी कुठवर गेली अन् एकली हाय का दुकली."

हसत म्हणली. मी बी हसले. घरी येईपर्यंत हसू विरलं.

२५ नोव्हेंबर

पायलनं आज सांगितलं, मला एकटीला. आईला सांगू नको म्हणली, आई जाणं बंद करंल. पहाटं एक मोटारसायकल मागून आली, दोघं बसलेले. पुढं जाईनात. हळूहळू मागंच. पुलापसनं ग्राउंडापर्यंत. काय बोलले न्हाईत, काय केलं न्हाई. ग्राउंडावरच्या पोरी दिसल्या तसे निघून गेले.

"भेव वाटलं का गं?"

"थोडं."

थोडं म्हणली म्हंजे लई वाटलं.

त्यांना कसं कळलं पुढं पोरगी हाय? अंधारात सायकल काय दिसती? तो लाल दिवा! तोच दाखवतो. दिवा आपल्याला दिसाया घ्यावा. आपण जगाला दिसाया दिवा? आमची माय सांगायची, अंधारात वाट चालायची तर पदराच्या आड कंदील धरायचा. पायापुरता उजेड पाडायचा. तिचं खोटं कसं असंल?

२६ नोव्हेंबर

केलं. पायल न्हायला गेल्ती. मागचा दिवा पट्ट्यातून काढला अन् तुरीच्या डाळीच्या डब्यात खाली घातला. वर डाळ सारखी केली. पुढचा तसाच ठेवला. पुढचं दिसलं म्हंजे झालं.

कोणाला सांगणार न्हाई. फक्त इथं लिहिते. ही वही पायलचीच, बारावीची, मागची पानं कोरी. साक्षरतेच्या वर्गात तिनंच माझा हात धरून क गिरवला. तिनंच म्हणलं, रोज लिही माय, मनातलं. तर हे मनातलं.

२७ नोव्हेंबर

पहाटं पायलनं मागं हात घातला, दिवा न्हाई. "पडला वाटतं गं कुठंतरी!" टाइम झाला म्हणून तशीच गेली. संध्याकाळी आम्ही दोघी पुलापर्यंत हुडकत गेलो. मी बी वाकून वाकून बघितलं, गवतात हात फिरवला. ती म्हणली, "जाऊ दे माय, तुझं कंबरडं दुखंल." मला कंबर न्हाई, दुसरंच काही दुखत व्हतं.

नवा घेऊ म्हणली. म्हणलं पुढल्या बाजाराला.

२८ नोव्हेंबर

आज मोटारसायकल आली न्हाई. बघ! म्हंजे मीच बराबर.

३० नोव्हेंबर

आज बी न्हाई.

१ डिसेंबर

लिहवत न्हाई पर लिहिते.

पायल पडली. पडली न्हाई, पाडली. नळ्याच्या पुलाच्या अलीकडं मागून उसाचा ट्रॅक्टर आला. पहिली ट्रॉली बाजूनं गेली, दुसरीतून बाहेर आलेली उसाची टोकं हँडलाला अन् गळ्यातल्या फडक्याला अडकली. हिसका बसून फडकं तुटलं — म्हणून वाचली! जीर्ण लुगडं म्हणून वाचली. नवं असतं तर... न्हाई, ते लिहीत न्हाई. रोडच्या कडंच्या चारीत पडली. कोपर सोललं, गुडघा फुटला, पुढचं चाक वाकडं. ट्रॅक्टर थांबला बी न्हाई. गाणं वाजवत गेला.

गाणं वाजवत! मुडदा! त्याच्या ट्रॉलीची चाकं गळून पडोत. त्याला काय लेकीबाळी न्हाईत का? दिवसभर शिव्या दिल्या मी. इतक्या शिव्या मला येतात हे मलाच माहीत नव्हतं.

ग्राउंडावरच्या पोरींनी तिला घरी आणलं. शीतल, माझी सून, दारात उभी. एकच म्हणली — "बंद. आजपसनं ग्राउंड बंद." पायल रडली न्हाई तोवर. ते ऐकून रडली. भरतीचं ग्राउंड दीड महिन्यावर आलंय.

रडत रडत म्हणली, "मागचा दिवा असता तर त्याला दिसले असते मी."

मी हळद लावत व्हते. खाली मान घालून लावत राह्यले.

दहा वाजता नागसेनचा फोन. शीतलनं उचलला. "पायल घरी हाय का? बराबर हाय का?" एवढंच. कोणी कळवलं असंल त्याला. एरवी पोरगं कधी फोन करत न्हाई. दुपारी आला, पायलच्या खाटेशी बसला. विचारलं, कुठं झालं, किती वाजता झालं. पुलापाशी, पावणेपाचला, म्हणली. मंग उठून गोठ्याकडं गेला. ताट तसंच राह्यलं.

बापाचं काळीज.

३ डिसेंबर

घर गप्प हाय. नागसेन तर कामाला जातो अन् येतो, जसा काही पाहुणाच. मी म्हणलं, "अरे, तू तर रोज त्याच रोडला. कोणाचा ट्रॅक्टर व्हता, हुडकून काढ की! धर त्याची गचांडी!"

"काय मिळणार हाय, माय."

मला राग आला. असा कसा बाप!

त्यात फौजी सर आल्ते. शीतलला म्हणले, "ताई, पोरगी निवडीत बसती. तिला रोडवर दिसू द्या, घरात लपवू नका." शीतल म्हणली, रोडची हमी घेता का?

लपवू नका म्हणले. माझ्याकडं बघून न्हाई म्हणले, पर मला तसंच वाटलं.

५ डिसेंबर

डब्यात हात घातला. दिवा हाताला लागला. बाहेर काढला न्हाई. डाळ काढली, वरण केलं.

सांगितलं तर पायल काय म्हणंल? काहीच म्हणायची न्हाई, हेच भेव हाय. चिडली तर सोसंल. ती मला जवळ घेईल अन् म्हणंल, "जाऊ दे माय." अन् त्या दिवसापसनं कुठं बी जाताना मला सांगायची न्हाई.

सोनूबाई आल्ती बघायला. बिस्किटाचा पुडा आणला, बरी हाय मनानं. म्हणली, "तुमच्या नागसेननं गाणी बंद केली काय? तीन-चार दिस झाले, मुका ट्रॅक्टर जातो तुमचा. आमचा म्हातारा म्हणला बी, मयताला चालल्यावानी."

म्हणलं लेक पडली, गाणी कसली सुचतेत.

६ डिसेंबर

संध्याकाळी विहारात मेणबत्त्या लावल्या. दरवर्सासारख्या. वाऱ्यानं विझायच्या, बाया एकमेकीच्या ज्योतीवरून परत लावायच्या. पायल लंगडत आली. तिनं माझी दोनदा लावून दिली.

एवढ्या उजेडात तोंड कुठं लपवावं कळंना.

८ डिसेंबर

दुपारी नागसेन आला. शीतल रानात. माझ्या खाटेवर बसला अन् खिशातून काही काढून दोघांच्या मधी ठेवलं. हिरवं. माझ्या लुगड्याचा तुकडा.

"माय, त्याच दिशी खाली करताना मागच्या ट्रॉलीत सापडला. उसात अडकल्ता." मंग तुकडा बोटांनी सारखा करत म्हणला, "मला मागून दिसलंच न्हाई गं काही. लेकराची शपथ."

मी उठले. डबा जमिनीवर पालथा केला. सगळी डाळ सांडली. दिवा पदरानं पुसला अन् त्या तुकड्यावर ठेवला. बटण दाबलं. लागला. लाल, लुकलुक, लुकलुक.

त्यानं दिव्याकडं पाह्यलं. मंग माझ्याकडं.

बाहेर पायल वाकडं चाक दोन्ही पायांत धरून सरळ करत व्हती. दिवा अन् तुकडा घेऊन आम्ही दोघं बी तिच्याकडं गेलो.