दोन माणसं, दहा दिवस, एक बॅग

४ मे, सकाळी ६.१०
नवी वही. निवृत्त होऊन आठ महिने झाले आणि आमच्या हिचं डोकं आठ महिने दुखतंय. म्हणे मी घरात बसायला लागल्यापासून. वास्तविक मी केलं काय? स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, कपाटावर यादी चिकटवली. आता लेकीनं तिला वर्षभर राहायला बोलावलंय. त्यावर तोडगा म्हणून मी क्रूझ बुक केली. ही तयार झाली, पण अट घातली: दहा दिवस कशाचीही व्यवस्था लावायची नाही. जमलं तर ती माझ्याबरोबर घरी येईल. नाही जमलं तर बंदरावरून थेट लेकीकडे.
सोपं आहे. आयत्या जहाजावर व्यवस्था लावायला असतं काय?

४ मे, दुपारी
बॅग भरणं ही व्यवस्था नव्हे. बॅग भरणं म्हणजे बॅग भरणं. हॉस्पिटलच्या लिनन स्टोअरमध्ये एकतीस वर्षं काढली. चादरी, गाऊन, टॉवेल, एक नग इकडचा तिकडे होऊ दिला नाही. तेव्हा आपल्याला कपड्यांचं कुणी शिकवू नये. प्रत्येकी तीन जोड. एक अंगावर, एक दोरीवर, एक तयार. हिनं निळा रेशमी ड्रेस आत ठेवला होता. जहाजावर एका संध्याकाळी सगळे नटूनथटून जेवायला बसतात म्हणे. मी तो काढला, स्कार्फ ठेवला. स्कार्फ बदलला की ड्रेस नवा. ही कपाट लावून बाहेर गेली. पटलं असावं.

६ मे, संध्याकाळी
जहाजावर. लोकांच्या चार-चार बॅगा बघून कीव आली. आल्याआल्या अंगावरचे कपडे बेसिनमध्ये धुतले. अंगाला लावायच्या साबणानं छान फेस होतो. बाथरूममध्ये दोरी आहे, तिच्यावर वाळत घातले. हिला आंघोळ करायची होती. सकाळी कर म्हटलं.

७ मे, सकाळी ७
काहीही वाळलेलं नाही. केबिनची खिडकी उघडत नाही, ही जहाज बांधणाऱ्याची चूक. दमट पँट घालून नाश्त्याला गेलो. उठलो तेव्हा खुर्चीवर नकाशा उमटला होता. अंगाच्या उबेनं पँट वाळते, ही नवी माहिती मिळाली. ही पलीकडच्या टेबलावर एका दातांच्या डॉक्टरीणबाईंशी बोलत बसली होती.

७ मे, दुपारी
केबिन झाडणाऱ्यानं टॉवेलची घडी घालून पलंगावर हत्ती करून ठेवला होता. दोन टॉवेल नुसते सोंडेत वाया. मी तो सोडवला, त्यात शर्ट गुंडाळून पिळले. ही कॅमेरा घेऊन आली. नातीला फोटो पाठवायचा होता म्हणे. आधी सांगायला काय झालं होतं? उद्या येईल की दुसरा हत्ती. ही डेकवर जाऊन बसली ती जेवायलाच उठली.

८ मे
पहिलं बेट. मी उतरलो नाही. एक पँट ओली, एक पिळलेली आणि तिसरीला वास येतोय. ही डॉक्टरीणबाईंबरोबर गेली. बरं झालं, सोबत मिळाली.
मला मात्र घबाड सापडलं. पाचव्या मजल्यावर लाँड्री! चार मशीन, दोन इस्त्रीची टेबलं. साबण मशीन आपला आपण घेतं, लोक बटण दाबतात. पण गोंधळ केवढा! कुणीही येतो, कुणाचेही ओले कपडे बाहेर काढून ठेवतो. दोन बायकांची उशीच्या अभ्र्यावरून जुंपली होती. मी फक्त बघितलं. अट लक्षात आहे.

९ मे, सकाळी
दारावर एक कागद लावला. नाव, केबिन, वेळ. ही व्यवस्था नव्हे, ही सूचना आहे.

९ मे, दुपारी
कागद कुणी वाचत नाही. समजावून सांगायला कुणीतरी तिथे थांबायला हवं. थांबलो.

१० मे
दुसरं बेट. लाँड्रीला आज तुफान गर्दी, त्यामुळे उतरणं शक्य नव्हतं. टोपीवाल्या एका गृहस्थांनी गाठोडं माझ्या हातात दिलं, कॉलर कडक ठेवा म्हणाले आणि निघून गेले. बहुतेक मला इथला माणूस समजले. किती दिवसांनी कुणी माझ्या हातात विश्वासानं काही दिलं! ऊर भरून आला. कॉलर त्यांच्या बायकोनं येऊन स्वतःच केल्या, ते सोडा.

११ मे
ही लाँड्रीच्या दारात आली. कागद बघितला, माझ्या कानावरचं पेन बघितलं. मी लगेच खुलासा केला की हे व्यवस्थेत मोडत नाही, ही जनसेवा आहे, आणि तीही तात्पुरती. ती एवढंच म्हणाली की समुद्र बघितलात का. मी म्हटलं, बघितला, जिन्याच्या खिडकीतून. ती मान हलवून गेली. चिडली नाही. म्हणजे सगळं आटोक्यात आहे. उद्यापासून पूर्ण वेळ तिलाच द्यायचा.

१२ मे
आज नटून जेवायचा दिवस. त्यामुळे इस्त्रीला सकाळपासून रांग. लोकांना वाऱ्यावर सोडून येणं मनाला पटेना. शेवटचा शर्ट आठ वाजता झाला. डायनिंग हॉलपाशी गेलो तर चुरगळलेल्या कपड्यांत आत सोडेनात. तीनशे माणसं इस्त्री करून घेऊन आत बसली आणि मी बाहेर. केबिनमध्ये येऊन बिस्किटं खाल्ली. हिच्यासाठी दोन ठेवली होती. ती जेवून आली.

१३ मे
जहाजाच्या फोटोग्राफरनं कालचे फोटो भिंतीवर लावलेत. डॉक्टरीणबाईंच्या कुटुंबात मधोमध आमची ही. अंगावर हिरवा ड्रेस, बाईंनी दिलेला. तोंडभरून हसतेय. मी बराच वेळ उभा राहिलो. असं हसताना तिला शेवटचं कधी बघितलं ते आठवेना. कशावर हसली ते विचारायला हवं होतं. लाँड्रीची वेळ झाली म्हणून राहून गेलं.

१४ मे
कागद काढला. कुणाला कळलंही नाही. हिला म्हटलं, चल, डेकवर बसू. बसलो. समुद्र मोठा आहे. तिनं शांतपणे सांगितलं की लेकीला तिनं आठ तारखेलाच फोन केला होता, बंदरावर न्यायला ये म्हणून. आठ तारखेला! तेव्हा तर मी नुसता बघत होतो.

१५ मे, बंदर
लेक न्यायला आली होती. आता बॅग एक आणि दोघं दोन दिशांना. एवढी एकच गोष्ट नियोजनात धरलेली नव्हती. धक्क्यावर, चारचौघांत, तिचे कपडे एकीकडे, माझे एकीकडे केले. बॅग तिला दिली. माझे जहाजाच्या कागदी पिशवीत मावले.
मी म्हटलं, राग गेला की ये, वर्षच कशाला पाहिजे. ती बॅगेची चेन लावत म्हणाली, “मी रागावून जात नाहीये हो. रागावले असते तर परत तरी आले असते.”
लेकीनं माझ्याकडे बघायचं टाळलं.

१७ मे, सकाळी ९, घर
घर अगदी नीटनेटकं. कपडे धुवायला काढले. मशीनसमोर उभा राहिलो. हॉस्पिटलात धुणं तळमजल्यावर व्हायचं, माझ्याकडे घड्या यायच्या. आणि घरात हे मशीन मी कधी लावलेलंच नाही. पावडर कुठे असते तेही माहीत नाही.
लेकीकडे फोन केला. हिनं सांगितलं. पावडर सिंकखालच्या डब्यात, एक चमचा, डावीकडची खाच, मग गोल बटण तीनवर. मागून नातीचा आवाज येत होता. ती विचारत होती, आजी, तू का हसतेस. मी म्हटलं, परत एकदा सांग, नीट कळलं नाही. तिनं परत सांगितलं, न चिडता.
मला पहिल्या वेळीच कळलं होतं. तिसऱ्यांदा विचारणार होतो, तेवढ्यात तिनं फोन ठेवला.