पश्चिमेच्या खिडकीतली बसायची जागा

मी, खाली सही करणारा, व्यवसायाने वास्तुरचनाकार, आता निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. गुडघे कामातून गेले असले तरी डोके जागेवर आहे. यापूर्वीची माझी सर्व इच्छापत्रे रद्द समजावीत.

१. राहता फ्लॅट माझ्या एकुलत्या मुलीला मिळावा. तो मी बांधलेला नाही. "म्हणून गळत नाही," असे ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ही म्हणजे माझी दिवंगत पत्नी, विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायची.

२. ड्रॉइंगचे टेबल माझ्या जुन्या भागीदाराला द्यावे. विद्यापीठातल्या तिन्ही दगडी इमारती आम्ही त्यावरच आखल्या. ग्रंथालयाचा नकाशा पाहून ही म्हणाली होती, "अहो, इमारत देखणी आहे, पण माणसानं टेकायचं कुठं?" मी प्रत्येक खिडकीत दोघांपुरता दगडी कट्टा काढला. भागीदार उसळला, "भिंतीची नुसती उधळपट्टी!" कितीतरी दिवस आमचा अबोला होता. त्याचे ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. तरी टेबल त्यालाच द्यावे, कारण दुसऱ्या कोणाला त्याची कदर नाही.

३. मूळ नकाशे विद्यापीठाला, पण एका अटीवर. तास संपला की ही ग्रंथालयातल्या पश्चिमेच्या खिडकीत येऊन बसे. मी वेधशाळेच्या बांधकामावरून धुळीने माखून यायचो. फारसे बोलत नसू. पानावर ऊन आले की ती तळहाताने सावली करून वाचत राही. तेवढे पाहायला आजही जीव तुटतो.

ती गेल्यावर इमारतींना वारशाचा दर्जा मिळाला. माझा सत्कार झाला आणि कट्ट्यांना दोऱ्या लागल्या. गेल्या हिवाळ्यात मी दोरी ओलांडून बसलो, तर रखवालदार आला.

"आजोबा, उठा. इथं बसायला मनाई आहे."

"का हो?"

"ऐतिहासिक आहे ना. दगड झिजतो."

त्याच्यावर माझा राग नाही. तो हुकमाचा ताबेदार. मी मुकाट्याने उठलो. पण माणसांनी बसून बसून तो झिजवावा, यासाठीच मी तो बसवला होता. दोऱ्या निघाल्या तरच नकाशे द्यावेत. एरवी ते मुलीकडे राहावेत.

४. हिचा चष्मा माझ्या सदऱ्याच्या खिशात असतो. तो कोणी काढून घेऊ नये.

५. माझे नाव कोणत्याही इमारतीला देऊ नये. तसबीर नको, भाषणे तर मुळीच नकोत.

६. हे कलम माझ्या मृत्यूसाठी खोळंबणार नाही. आज सकाळी मुलीने वरचा मजकूर वाचला. मग म्हणाली, "बाबा, दोरीचं काय व्हायचं ते होऊ दे. चला, आत्ता जाऊन बसू. उठवायला आलेच, तर आधी मला उठवावं लागेल."

मला हे मान्य आहे. ती खाली गाडी काढते आहे. सही झाली की मी निघतो.

सही : (वास्तुरचनाकार, स्वहस्ते)

आमच्यासमक्ष सही झाली :
शेजारचे डॉक्टर. नाडी आणि शुद्ध दोन्ही तपासली.
ग्रंथालयाच्या निवृत्त ग्रंथपाल. सोबत खिडकीपर्यंत येत आहे.

स्थळ : राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक : डॉक्टरांनी सहीखाली घातला आहे