आबांच्या मशीनचे सेल

९ एप्रिल ९७
काल पाडवा झाला आणि आज चार्जर जळाला. ह्यांनी टोरांटोहून एका कऱ्हाडच्या गृहस्थांबरोबर तीन वस्तू पाठवल्या होत्या: वॉकमन, पुन्हा पुन्हा भरता येणारे पेन्सिल सेल, आणि ते भरायचा चार्जर. फोनवर बजावलं होतं, "विमानात वेळ जाता जात नाही. सेल आदल्या दिवशी भरून ठेव. आबांच्या कानाच्या मशीनलाही तेच चालतात."
दुपारभर वीज नव्हती. आली तेव्हा मी हात कोरडे करून, चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे सगळं लावलं. आधी उग्र वास, मग फट्. काळा धूर भिंतीवर. सेल फुगले.
इस्लामपूरचा रेडिओवाला म्हणाला, "वहिनी, तिकडची लाईट निम्म्या दाबाची असती. हे आपल्या लाईटला लावायचं नसतं."
चिठ्ठीत हे नव्हतं. पण मी विचारायला हवं होतं. माझ्या माहेरी अजून कुणी भिंतीत पिन खोचलेली नाही, शाळेत गेलेली मीच पहिली. म्हणून तर आणखी लाज वाटते.
आबा अंगणात बसले होते. धूर पाहिला, माझ्याकडे पाहिलं. सासरे म्हणून फार शांत माणूस. साखर कारखान्यात गाळपाच्या यंत्रांपाशी सगळी नोकरी गेली, त्यातच कान गेले. खिशात मशीनची डबी, तिची वायर कानात. मी काही विचारलं की "व्हय" म्हणतात.

१० एप्रिल
सांगलीला जाऊन साधे पेन्सिल सेल आणले, भरपूर. दोन वॉकमनला, बाकी आबांसाठी. तिकडे गेल्यावर सेल संपले आणि आबांना ऐकू आलं नाही तर सगळा दोष माझा.
भजनी मंडळाने आबांसाठी एक कॅसेट भरून दिली. पूर्वी आबा त्यांच्यात टाळ वाजवायचे. गावात सगळ्यांना माहीत आहे की आबा आता कायमचे चालले. सासूबाई गेल्यापासून ह्यांच्या मनात हेच होतं. संक्रांतीला ह्यांनी आबांच्या पुतण्याच्या, महादूदादांच्या फोनवर आबांना सगळं समजावून सांगितलं: इथलं घर आणि म्हैस महादूदादांना द्यायची, तुम्ही आमच्याजवळ राहायचं. मी शेजारीच उभी होते. आबा "व्हय, व्हय" म्हणाले. हे नंतर मला म्हणाले, "एवढ्या लवकर तयार होतील असं वाटलं नव्हतं." पुढे वकिलांच्या मुखत्यारपत्रावर सहीही केली. घराची नोंदणी महिनाअखेर आहे.
संध्याकाळी महादूदादा म्हशीजवळ उभे होते. आबा त्यांना म्हणाले, "माज्या माघारी हिला सरकी घालत जा रं. बेंदराच्या आत येतोय मी."
महादूदादांनी माझ्याकडे पाहिलं. मग हसले. "या की आबा. तुमचंच हाय."
बेंदूर म्हणजे आषाढातला बैलांचा सण, तीन महिन्यांवर. थट्टा करायची आबांची पद्धत असेल. पण महादूदादांचं हसू नीट नव्हतं.

१२ एप्रिल
निघालो. आईने ओटी भरली आणि पुन्हा तेच: "सासऱ्यासमोर आवाज चढवू नको. तिकडं गेलीस म्हणून पदर सोडू नको." दोन वर्षं मी हेच केलं आहे. माझा आवाज घराबाहेर कुणी ऐकला नसेल.
आबांच्या नव्या वहाणा खुंटीवरच राहिल्या. मी काढून पिशवीत घालायला गेले तर त्यांनी हात आडवा केला. "राहू दे. आल्यावर घालीन." म्हातारी माणसं नवी वस्तू जपतात तसंच. पण तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. "आल्यावर."
शिरवळला गाडी थांबली. आबांनी चहा बशीत ओतून घेतला. मी विचारलं, "आबा, बरं वाटतंय ना?" "व्हय."

१३ एप्रिल, मुंबई, विमानतळ
तपासणीला माझी पिशवी उघडली आणि सगळे सेल काढून घेतले. सगळे. टोपलीत टाकले, बाकीच्यांच्या बॅटऱ्यांबरोबर. "हातातल्या सामानात सुटे सेल चालत नाहीत." मी म्हणाले, आमच्या आबांच्या कानाचं मशीन आहे. माझा आवाज निघालाच नसावा, कारण तो माणूस "काय?" म्हणाला आणि पुढच्या बाईची पिशवी ओढली. वॉकमन चालवून दाखवायला लावला, वाजला, म्हणून त्यातले दोन राहिले. मोठ्या बॅगेत ठेवायचे होते म्हणे. मी ते जपून हातात ठेवले होते.
आबांच्या कमरेपाशी तपासणीची दांडी वाजली. सदरा वर करायला लावला. करदोट्याला किल्ली.
"कसली किल्ली, बाबा?"
आबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग किल्लीकडे. "घराची."
महादूदादांना द्यायची होती ती किल्ली. विसरले असतील. लोक बघत होते, मी पिशवी उचलून पुढे झाले.

१४ एप्रिल, लंडनचा विमानतळ
पहिला प्रवास झाला. मी डोळ्याला डोळा लावला नाही. आबांना मशीनची वायर काढून वॉकमन लावून दिला, आवाज पूर्ण मोठा केला, कॅसेटची एकच बाजू वाजवून बंद केला. आता आहेत तेच दोन सेल. आबांच्या डबीतला कधी संपेल सांगता येत नाही, संपला तर यांतलाच एक द्यायचा. म्हणून मी स्वतः काहीच ऐकलं नाही. विमानातल्या मासिकातली चित्रं पाहिली, उलटीची कागदी पिशवी घडी घालून पाहिली, पुढच्या खुर्चीमागचा तक्ता उघडमीट केला. शेजारची बाई शेवटी म्हणाली, "बहन, बस."
भिंतीला इथे तीन चपट्या भोकांची वीज आहे. आपली पिन बसत नाही. जळलेला चार्जर बरोबर का आणला मी?

१४ एप्रिलच, टोरांटोच्या विमानात
बाहेर लख्ख ऊन आहे, पण सिनेमासाठी सगळ्यांनी खिडक्या ओढून घेतल्या. सिनेमा इंग्रजी. आबा नुसते पुढच्या टकलाकडे बघत होते, म्हणून पुन्हा वॉकमन लावून दिला. आबांनी डोळे मिटले. मांडीवर बोटं चालू झाली, टाळ धरल्यासारखी. मधेच मान डोलवायचे. मला इतकं बरं वाटलं. निघाल्यापासून पहिल्यांदा काहीतरी नीट झालं म्हणून.
कॅसेट किती संपली पाहावं म्हणून वॉकमनच्या काचेतून पाहिलं. चाकं फिरत नव्हती.
मी सुरू करायचं बटण अर्धंच दाबलं होतं. कॅसेट सुरूच झालेली नव्हती. आणि आबा डोलत होते.
विचारलं, "आबा, आवाज येतोय?"
"व्हय. लय ग्वाड."
वायर काढली, त्यांनी मशीनची वायर परत कानात घातली. मी त्यांच्याकडे वळून म्हणाले, "आबा, कॅसेट लागलीच नव्हती."
"व्हय."
मी विचारलं, "आबा, माझं नाव काय?"
"व्हय," ते म्हणाले, आणि हसले.

थोड्या वेळाने
डबी मागितली. खुणेने. त्यांनी खिशातून काढून दिली, लहान पोर वही देतं तशी, खाली बघत.
सेलची खाच उघडली तर आत हळदीकुंकू. वाळून खपली झालेलं. त्याखाली सेल हिरवा, फुटलेला, स्प्रिंग गंजलेली.
खंडेनवमी. आबा दरवर्षी आपली हत्यारं पुजतात: पाने, पक्कड, हातोडी. गेल्या वर्षी कानाची डबीही त्यात मांडली. "हिच्यावर माजं चालतं, हीबी हत्यारच." मी ताट धरलं होतं. त्यांनी फुलाने पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं. मला ते किती छान वाटलं होतं तेव्हा.
म्हणजे दसऱ्यापासून. म्हणजे संक्रांतीचा फोन

मधेच थांबले होते. पदराच्या पिनेने खाच खरवडली. स्प्रिंग घासली. वॉकमनमधला एक सेल घातला. मशीन कुईं करून ओरडलं, दोन रांगांनी मागे वळून पाहिलं.
आबा दचकले. छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं.
"केवढं वरडतंय हे इमान. आपल्या कारखान्यागत."
म्हणजे सातासमुद्रांवरून आबा आले ते आवाज नसलेल्या विमानातून.
मी डबीजवळ तोंड नेलं. विचारलं, "मशीन कधीपासून बंद?"
"दसऱ्यापासनं."
"सांगितलं का नाहीत?"
"पोरानं एवढं महागाचं घेतलं. म्या पाणी घालून बसलो, कुणाला सांगू?" मग म्हणाले, "आन् तू तर पैल्यापासनं बोलतच न्हवतीस. नुसते व्हट हलायचे. म्हणलं, पोरगीबी गप, मीबी गप. बरं चाललंय."
मी बोलत होते. दोन वर्षं रोज बोलत होते. आईने सांगितलेल्या आवाजात.
"संक्रांतीला फोनवर हे काय म्हणाले, आबा?"
"काय की. बोलत हुता. पोराला न्हाई कशाला म्हणायचं, म्हणून व्हय म्हणलं."
"आणि वकिलांकडे सही?"
"पासपोटाची नव्हं ती?"
मग त्यांनीच विचारलं, "बेंदराच्या आत पोचवशील नव्हं मला? महाद्या म्हशीला उपाशी मारंल."
मी संडासाला जाते म्हणून उठले.

तिथूनच लिहिते आहे. बाहेर कुणीतरी दार वाजवतंय. सांगणं माझं काम आहे का? ह्यांना आधी विचारायला हवं, पण इथून कसं विचारणार. न सांगता उतरले तर हे विमानतळावर मिठी मारून म्हणतील, आता इथंच राहायचं आबा, आणि आबा व्हय म्हणतील. की आज ऐकू येतं म्हणून नाही म्हणतील, परक्या देशात, सगळ्यांदेखत. नोंदणी अजून झालेली नाही. एका फोनने थांबेल. मी आता गप्प बसले तर मीही त्या सहीत आहे.
आणि सांगितलं तर ह्यांच्या आधी सांगितलं असं होईल. ह्यांच्याबरोबर मला आयुष्य काढायचं आहे. लग्नानंतर सव्वा महिनाच एकत्र होतो आम्ही.
दार पुन्हा वाजलं.

१४ एप्रिल, उतरण्याआधी
सांगितलं.
आबांच्या सदऱ्याच्या खिशाशी वाकून, डबीत तोंड घालून. पदर डोक्यावरून पडला, सावरला नाही. घर महादूदादांना दिलं आहे. म्हैससुद्धा. परतीचं तिकीट काढलेलं नाही. तुम्ही आता कायम इथे, असं ठरलंय. तुम्ही व्हय म्हणालात असं सगळे समजतात. वाक्य मोडून मोडून सांगितलं. एकदा आवाज चढला. पलीकडच्या गोऱ्या बाईने सिनेमा ऐकायची कानातली नळी काढून पाहिलं.
आबांचा हात कमरेपाशी गेला. सदऱ्यावरून किल्ली चाचपत राहिले.
"वहाणा खुंटीवर हायत," एवढंच म्हणाले.
मी रडायला लागले. म्हणाले, अजून नोंदणी झालेली नाही, आबा. त्यांनी मान हलवली. ऐकलं म्हणून की नुसतीच, ते मला आता कळत नाही. या माणसाची मान हललेली पाहून मी दोन वर्षं फसले.
मग त्यांनी खिशात हात घातला आणि डबीचं बटण बंद केलं. मला वाटलं, रागावले, माझं तोंड ऐकायचं नाही.
म्हणाले, "सेल वाचू दे. त्याच्याशी बोलायला लागंल."

१५ एप्रिल, टोरांटो
काल विमानतळावर ह्यांनी आबांना मिठी मारली. "आबा, कसा झाला प्रवास?"
"व्हय."
माझा जीव गेला. बटण बंद होतं की चालू, सदऱ्यावरून कळेना. गाडीत हे सारखं बोलत होते: तुमची खोली, तुमचा टीव्ही, शेजारी मराठी माणसं आहेत, उन्हाळ्यात बागेत कोथिंबीर लावू. कडेला घाण झालेलं बर्फ होतं. आबा त्याच्याकडे बघत बसले. प्रत्येक गोष्टीला व्हय. हे आरशातून माझ्याकडे पाहून हसले, बघ किती खूश आहेत म्हणून. मी हसले नाही. विचारलं त्यांनी, "तुला काय झालं?" मी म्हणाले, चार्जर जळला. "एवढंच ना," म्हणाले.
रात्री मी ह्यांना काहीच सांगितलं नाही. आबांनी सेल वाचवून ठेवलाय, तो खर्च करायचा हक्क त्यांचा.
सकाळी चहा झाला. आबांनी या देशातला पहिला प्रश्न विचारला. "हितं पेन्सिल सेल मिळत्यात का रं?"
"मिळतात म्हणजे? ढिगाने." ह्यांनी खण ओढून नवंकोरं पाकीट काढलं, फोडून दिलं. आबांनी डबी उघडली, आतला सेल काढून माझ्या हातात ठेवला, नवा घातला. नखाने स्प्रिंग एकदा दाबून पाहिली. करदोट्याची किल्ली सोडली, टेबलावर ठेवली. तिच्याशेजारी डबी ठेवली, खिशात नाही, मधोमध, वायर कानापर्यंत ताणलेली. बटण फिरवलं. कुईं झालं आणि थांबलं.
हे किल्लीकडे बघत होते. मग माझ्याकडे.
"बस," आबा म्हणाले. हे बसले.
"हं. संक्रांतीला काय म्हणत हुतास, ते आता बोल."
मी ओट्याला पाठ लावून उभी आहे आणि हे लिहिते आहे. वॉकमनचा सेल मुठीत आहे. हे अजून बोललेले नाहीत.