कालवणाचा फोटो

दादूस,

बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडायच्या कागदावर मी सही केली नाय, तवापासून आपलं बोलणं बंद. सात वर्षं झाली. मी सुकापूरला, तू करंजाड्याला. रिक्षेनं कितीसं लांब हाय?

या फोननं माणसं तोडली, असं मी सगळ्यांना सांगत फिरते. पण रोज सकाळी कालवणाचा फोटो स्टेटसला ठेवते, तो तुझ्यासाठीच. बघणाऱ्यांत तुझं नाव दिसलं, की दादूस बरा हाय असं समजून निवांत जेवते.

काल बाजारात तुझी नात भाविका भेटली. म्हणाली, "आत्याआजी, आजोबांना आता दिसत नाही. त्यांच्या फोनवर तुमचं स्टेटस मीच उघडते. रोज विचारतात, वेणूनं आज काय रांधलंय? मी सांगितलं की मगच जेवायला बसतात."

एवढं लिहिलं आणि ध्यानात आलं, हे तू वाचणार कसा? आपलं भांडण पोरीच्या तोंडून तुला ऐकवायचं नाय मला. म्हणून कागद घरीच ठेवते, मीच येते.

आज फोटो काढला नाय. बोंबलाचं कालवण डब्यात भरलंय. दार उघडलंस की आधी वास घे. मग हाकलायचं तर हाकल.

तुझी भांडखोर बहीण,
वेणू