अठ्ठावीस किलो

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर तू मला ‘बाबा ठीक, मी ठीक’ एवढ्यात गुंडाळतोस, म्हणून कागदावर बोलतोय. इथे तुला मध्येच फोन ठेवता येणार नाही.

बातमी अशी की माझी कंबर गेली. थेरपीवाल्या बाईंनी विचारलं, काय उचललंत? मी म्हटलं, पेन. त्या हसल्या नाहीत. वीस वर्षं खुर्चीत पोक काढून जगाची टिंगल लिहिली की खालच्या मणक्यांमधली चकती दबते आणि पायाकडे जाणारी नस चिमटते, हे त्यांनी चित्र दाखवून समजावलं. ऑपरेशनची गरज नव्हती. मला एका टेबलावर आडवं केलं. छातीला एक पट्टा, कमरेला एक, हातात यंत्र थांबवायचं बटण. टेबलाचा खालचा भाग हळूच सरकतो, माणसाला ताणतो, मिनिटभर धरतो, सोडतो. पुन्हा ताणतो. मी मनातल्या मनात यावर लेख रचायला घेतला होता, हे तुला वेगळं सांगायला नको.

तेवढ्यात बाई ओरडल्या, ‘काका, मदत करू नका हो!’ मी खांदे आवळून यंत्राला हातभार लावत होतो. जन्मात पहिल्यांदा कोणाला हातभार लावला, तर तोही नको होता. मग अंग सोडून दिलं. आणि काय सांगू तुला! कमरेत कुठेतरी खोल, केसभर फट उघडल्यासारखं वाटलं. महिनाभर पायात भांडत बसलेली ठणक हळूहळू गप्प झाली. मी तोंड उघडं टाकून छताकडे बघत राहिलो; एकही खवचट वाक्य सुचेना. बाई म्हणाल्या, सगळ्यांनाच असा गुण येतो असं नाही, आणि तुम्हालाही अजून वीस वेळा यायचं आहे.

उठताना पडद्यावरचा आकडा दिसला. अठ्ठावीस किलो. पट्टे बांधून, बाई उशाशी उभ्या असताना, एवढ्याशा ताणाने माझी बोलती बंद झाली होती. पलंगाला खिळलेल्या बाबांचं वजन बासष्ट. मी विचारलं, वाकून एवढं माणूस पलंगावरून खुर्चीत उचललं, तर याच चकतीवर किती भार येतो? बाई म्हणाल्या, त्या वजनाच्या कितीतरी पट. दिवसातून किती वेळा उचलतात? मी म्हटलं, चार. किती दिवस झाले? सहा वर्षं. बाईंनी लिहिणं थांबवलं. ‘कोण हो हा माणूस?’

कोण म्हणून सांगू? ज्याच्यावर मी ‘घरकोंबडा’ नावाचा लेख लिहिला, तो? तू तो बाबांना मोठ्याने वाचून दाखवलास, आणि ते इतके हसले की ठसका लागून त्यांना कुशीवर वळवावं लागलं, हेही तूच मला कौतुकाने कळवलंस. वळवलं कोणी, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. बाईंना एवढंच म्हटलं, माझा धाकटा भाऊ.

आता मुद्द्याचं. तुझ्या बायकोने तुझ्या मणक्याच्या तपासणीचे फोटो मला पाठवले. तिच्यावर डाफरू नकोस. तू जमिनीवर झोपतोस, डाव्या पायाची बोटं बधिर असतात, हे सगळं तिने सांगितलं. ते फोटो बघून बाई म्हणाल्या, आधी तपासू. कदाचित हेच टेबल, कदाचित नुसते व्यायाम, कदाचित सर्जनकडे पाठवावं लागेल. पण उचलणं आजपासून बंद. म्हणून मी रविवारी येतोय, दोन महिन्यांसाठी. माझ्या वीसही खेपा संपल्यात. गेले तीन आठवडे मला शिकवायला बाई स्वतः पेशंट होऊन पलंगावर पडतात आणि थेट बाबांसारख्या खेकसतात. मी त्यांना गुळगुळीत फळीवरून खुर्चीत सरकवतो. उचलायचं नसतंच म्हणे, सरकवायचं असतं. सहा वर्षांत हे तुला कोणी दाखवलं नाही, आणि मी फोनवरून बाबांच्या पथ्याचे सल्ले देत होतो. सोमवारी सकाळच्या, इकडे बाईंकडे येणाऱ्या गाडीचं तुझं एकट्याचं तिकीट काढलंय, माझ्या घराची किल्ली येताना आणतो. बॅग भरून ठेव. ती गाडीपर्यंत मी नेणार आहे.

तुझाच, आजवर नुसता वयानेच मोठा असलेला,
दादा